सतरा नंबरचा वेल

सतरा नंबरला फळ लागलेलं मी पाहिलं ते दात घासताना, झोपायच्या खोलीच्या खिडकीतून. आधी वाटलं, सोळा नंबरची फांदी आडवी आली असेल; सोळा मादी आहे आणि नको तिथे शिरायची तिला खोडच आहे. ब्रश तोंडात तसाच धरून मी मागच्या दारानं परसात गेले, ओल्या गवतात अनवाणी, आणि बुंध्यापासून बोटानं माग काढत वर आले. फांदी सतराचीच होती. बांबूला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्लाही सतराचाच, माझ्याच हातानं खिळ्यानं ठोकून उठवलेला आकडा. आणि त्या फांदीला अंगठ्याएवढं हिरवंगार काटेरी कर्टोलं लोंबत होतं. एक नव्हे, तीन. चार पावसाळे मी या वेलाची फुलं मोजून वहीत उतरवली होती आणि चारही वर्षं समोर एकच शेरा लिहिला होता: नर. यंदाची मोजणी अजून व्हायची होती. कर्टोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. नर नुसता फुलतो, पिवळाधमक, आणि फुलं गळून गेली की संपला. फळ धरणं त्याच्या रक्तात नाही, असं मी म्हणणार होते, पण वेलाला रक्त नसतं आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा जपून बोललेलं बरं.

रोह्याच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. पेणहून सकाळची गाडी, संध्याकाळी परत. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दर साली सांगते की झाडावेलींत नर-मादी हा भेद फारसा नाहीच. बहुतेकांची दोन्ही अंगं एकाच फुलात गुण्यागोविंदानं नांदतात. काही थोड्यांनीच वेगळ्या चुली मांडल्या: पपईनं, तोंडलीनं, कर्टोलीनं. चुली वेगळ्या झाल्या की गुणसूत्रांची एक जोडी बदलायला लागते. आधी जोडीतली दोघं सारखीच असतात, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात आणि त्यात एकाची चूक दुसऱ्यामुळे भरून निघते. मग एके ठिकाणी नर की मादी हे ठरवणारा मजकूर येऊन बसतो, आणि तेवढ्या जागेपुरती देवाणघेवाण बंद पडते. बंद जागा हळूहळू वाढते. तिथल्या चुका साचत जातात, कारण दुरुस्त करणारं कुणी उरत नाही. तोंडलीत हे इतकं पुढे गेलंय की नराचं ते गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं उठून दिसतं. पपईत ते अजून कोवळं आहे. आमच्या परसातल्या साठ कर्टोलींत मला डोळ्यांना काहीच वेगळं दिसलेलं नव्हतं. फक्त पानांच्या डीएनए तपासणीत एक बारीक पट्टा नरांत येत होता आणि माद्यांत येत नव्हता. त्या पट्ट्यावर माझी पीएच.डी. उभी होती, चाळिशी जवळ आल्यावर घेतलेली, दिवाळीआधी सादर करायची. आणि आता नर फळला होता. म्हणजे भिंत अजून पक्की झालेली नाही, अजून आत-बाहेर ये-जा आहे, आणि ती ये-जा माझ्या खिडकीखाली चालू आहे. त्या दिवशी मी फार आनंदात होते. हे सांगून ठेवते, कारण आनंद दुपारपर्यंतच टिकला.

त्या दिवशी तास लवकर संपले; दुपारच्या गाडीतून परतताना, नागोठणं मागे पडल्यावर, माझ्या मनात आलं की हे फारच सोयीचं आहे. मी मुळात संशयी बाई. भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं हसू, परीक्षेतला एकसारखा पेपर, मला सगळ्यात काहीतरी शिजताना दिसतं. लहानपणी अशी नव्हते. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी झाले, आणि का झाले तेही मला ठाऊक आहे. यज्ञेश, म्हणजे माझा नवरा, आणि मी पनवेलच्या डॉक्टरांकडे तीन वर्षं खेटे घातले. त्याच्या तपासण्या, माझ्या तपासण्या, पुन्हा त्याच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष सापडत नाही, कधीकधी कारण मिळत नाही. दोष सापडला असता तर मी रडले असते, भांडले असते, कुणाला तरी माफ केलं असतं. पण गुन्हा आहे आणि गुन्हेगार नाही, हे माणसानं कुठे ठेवायचं? त्या दिवसापासून मी ज्याला-त्याला तपासत आले. यज्ञेशशी त्या विषयावर बोलणं बंद झालं, मग त्याच्या आजूबाजूच्या विषयांवर, मग बऱ्याच विषयांवर. आता तो धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो, अंगाला कसल्याशा रसायनाचा गोडसर वास घेऊन येतो, आणि आम्ही सिलेंडर कधी लावला आणि पुढच्या आठवड्यात पाळी कुठली, एवढंच बोलतो. सासूबाई, आनंदीबाई, मी त्यांना आई म्हणते, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. लग्नाच्या चौदा वर्षांत त्यांनी मला मुलाबाळांवरून एक शब्द ऐकवलेला नाही. मला तर त्यांच्या न बोलण्याचाही संशय यायचा.

सतराची पानं मी हितेशकडे दिली. हितेश आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे दर वर्षी नवी मुलाखत, नवी नेमणूक, आणि प्राचार्यांची मर्जी फिरली तर घरी. धरमतर खाडीकडच्या गावचा, वडील मिठागरावर राबले, घरातला पहिला शिकलेला. तपासणीचा हात त्याचा इतका स्वच्छ की माझ्या निम्म्या प्रबंधावर खरं त्याचं नाव हवं. दोन दिवसांच्या कामाला त्यानं पाच दिवस लावले. प्रयोगशाळेत मी गेले तर तो नळाखाली एकच नळी धूत बसला होता.

"मॅडम, सतराला पट्टा नाय आला."

"परत कर."

"दोनदा केला. मादी हाय तो वेल."

"मागच्या वर्षी पट्टा होता. तूच काढला होतास."

"व्हय. मागच्या वर्षी होता." नळी पुन्हा नळाखाली गेली. "खालचा कंद बदललाय कोणीतरी."

"कोणी?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि खिडकीबाहेर सायकल स्टँडशिवाय काही नव्हतं.

मला तेवढं पुरलं. कर्टोलीचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो. उन्हाळाभर वर काही नसतं, नुसता बांबू आणि बिल्ला, आणि जमिनीत झोपलेला कंद. बदलायचा तर तेव्हाच, कुणाला पत्ता लागत नाही, पावसाळ्यात आपलं कोंब फुटतो. आणि चैत्रात मी पंधरा दिवस नाशिकला भावाच्या ऑपरेशनसाठी गेले होते, तेव्हा कंद उकरून वजनं करायला हितेश आमच्या परसात येऊन गेला होता. घरात तेव्हा आई होत्या, कामाला पुतळी होती, पण त्यांना कोण मोजतं. यज्ञेशवर मात्र मी एक पूर्ण संध्याकाळ संशय घेतला. "साठ वेल आणि एक बायको, मी राहायचं कुठे?" असं तो एकदा म्हणाला होता. तो टीव्हीवर बातम्या बघत होता आणि मी त्याच्या मानेकडे बघत, या माणसाला कुदळ धरता येते का, याचा हिशेब करत होते. येत नाही, असं ठरवलं. मग हितेशच उरला. कारणंही भराभर सुचली: नर फळला अशी खोटी खळबळ उडवून पेपरवर नाव लावायचं; किंवा माझी चार वर्षांची नोंद खोटी पाडून पट्ट्याचं काम आपल्या नावावर पुढे न्यायचं. दोन्ही कारणं एकमेकांना खोडत होती, पण माझं त्यानं काही अडलं नाही. आमच्या घरात खाडीकडच्या माणसांबद्दल बोलताना पूर्वीपासून एक सूर लागतो, गोड आणि वरचा. मी तो कधी लावत नाही अशी माझी समजूत होती. त्या आठवड्यात तो मला माझ्याच डोक्यात ऐकू येत होता, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. अखेर कुणीतरी सापडला होता.

गुरुवारी मी प्राचार्यांना पत्र दिलं. संशोधनाच्या सामग्रीत हेतुपुरस्सर फेरफार, विश्वासास पात्र नाहीत, योग्य तो विचार व्हावा. अडीच ओळींत माणूस उडवता येतो. क्लार्कनं त्यावर आवकचा शिक्का मारला, आकडा टाकला. हितेशची मुलाखत सोमवारी अकराला होती. परत येताना पेण स्टँडपासून मी चालत निघाले. कारखान्यांतून न रंगवलेले गणपती ओळीनं बाहेर काढून ठेवले होते, पांढरेफटक, डोळ्यांची जागा कोरी, आणि एक बाई त्यांच्यावर प्लास्टिक ओढत होती. मला हलकं वाटत होतं. घरी येऊन मी झोपले सुद्धा, किती दिवसांनी.

रविवारी दुपारी यज्ञेश शिफ्टला गेल्यावर आईंनी एकच पान वाढलं. "आज तू आधी बस," म्हणाल्या, "एकटीच." आमच्याकडे असं कधी होत नाही, त्या माझ्यासोबत बसतात, लोणचं चाखत, अर्धी भाकरी खात. पानात भात, वरण, आणि डाव्या बाजूला कर्टोल्यांची भाजी, खोबरं पेरलेली. माझा हात वरच थांबला.

"आई, ही कुठली?"

"तुझ्या खिडकीखालची. नऊ निघाली. आणखी दोन दिवस ठेवली असती तर जून झाली असती."

मी ओरडले. तो नमुना होता, त्याचे फोटो व्हायचे होते, बिया मोजायच्या होत्या, न विचारता तोडलीच कशी, असं काय काय. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा आवाज संपायची वाट पाहिली.

"विचारायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "मी लावलाय तो वेल."

मग त्यांनी सांगितलं, जसं लोणचं कधी घातलं ते सांगावं तसं. पुतळी खिडकीखाली झाडताना म्हणाली होती की हा वांझ वेल आहे, चार वर्षं बघतेय, नुसता फुलतो; लेकीसुनेच्या उशाशी असला वेल ठेवू नये. आईंना ते लागलं. मी नाशिकला गेले आणि हितेश कंद मोजून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळीनं सतराचा कंद काढला आणि आपल्या गावाहून फळता कंद आणून तिथे पुरला. "पहिली खेप जिच्यासाठी लावला तिनं एकटीनं खायची, कुणाला घासभर द्यायची नाही, असं पुतळी म्हणाली. माझा का विश्वास आहे असल्यावर? पण म्हटलं, करून तर पाहू. तुला चौदा वर्षांत मी काही बोलले का? बोलून काय झालं असतं? तू रडली असतीस."

"आई, तो वांझ नाही. नर आहे तो. नर नसेल तर बाकीच्या एकीलाही फळ धरणार नाही."

"असेल," आई म्हणाल्या. "पण मग त्याला खिडकीखालीच कशाला लावायचा?"

पुतळी मागच्या दाराशी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. हात पुसत आत आली आणि आधी मला दिलासाच दिला. "नंबराला हात नाय लावला हां वहिनी. बांबू होता तिथंच परत ठोकला. काकू बोलल्या, आकडा हलला तर वहिनी रागावतील."

"आणि आधीचा कंद? फेकलास?"

"फेकीन कशाला? जीव हाय त्याच्यात. आमच्या कुंपणाला लावलाय. फुलतोय मरणाचा, धरत काय नाय." मग म्हणाली, "हितेशनी बघितला ना मंगलवारी. आमच्याच गावचा, आमच्याच आलीतला तो. पान पण तोडून नेलान. तुम्हाला बोलला नाय?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगते, कारण मी एरवी असल्या गोष्टी मुलांना सांगताना ‘संमिश्र’ म्हणून मोकळी होते. आधी राग आला, पुतळीचा, आईंचा, नारळाच्या खोबऱ्याचासुद्धा. मग लाज वाटली. आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, बेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांसमोर ती नऊ कर्टोली असताना, मला एक क्षणभर आशा वाटली. तिचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. मी पान तसंच टाकून खोलीत गेले आणि हितेशला फोन लावला.

"पुतळीमावशीला विचारलं मी," तो म्हणाला. मागे कुठेतरी होडीचं इंजिन फटफटत होतं. "ती रोज त्या परसात असते, तिला ठाऊक असणारच. विचारलं तशी लगेच बोलली. पान घेऊन तपासलं, पट्टा आला. सतरा तोच."

"मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "काय सांगणार मॅडम? वेल बदलला एवढंच सांगून भागलं नसतं. का बदलला ते तुम्ही विचारलं असतं."

"पत्राचं कळलं तुला?"

"व्हय. शुक्रवारीच."

"तरीही?"

"उद्या बघू मॅडम. जमलं तर जमलं." आणि त्यानं मलाच विचारलं, "तुम्ही जेवलाव का?"

त्यानं पुतळीला विचारलं होतं. एवढं साधं. मी घरातल्या घरात कुणालाही विचारलं नव्हतं. मी माना बघितल्या, खिडक्या बघितल्या, आणि मनातल्या मनात निकाल दिला. मी टेबलाशी बसून प्राचार्यांना दुसरं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं, तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला. वाचलं आणि फाडलं. असलं पत्र दुसऱ्या कुणाचं आलं असतं तर मी म्हटलं असतं, दबाव आलाय. दुसऱ्यावर लिहिलं, कौटुंबिक स्वरूपाच्या कारणास्तव. तेही फाडलं. तिसऱ्यात पुतळीचं नाव घातलं आणि घरातली कामाची बाई, अशिक्षित, अंधश्रद्धेपोटी, असं लिहून गेले. वाचताना तोच गोड वरचा सूर ऐकू आला आणि तो कागद मी बारीक बारीक फाडला. हितेशचा दोष जायचा असेल तर कारण लिहायला हवं होतं, आणि कारण माझ्या घरातल्या कुणीही, मीसुद्धा, चौदा वर्षांत मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं. चौथ्या कागदावर लिहिलं: मला मूल नाही. या दुःखापोटी माझ्या सासूबाईंनी माझ्या खिडकीखालील वेल क्रमांक सतरा, तो फळत नाही म्हणून, माझ्या अपरोक्ष बदलवला. श्री. हितेश यांना हे समजल्यावर त्यांनी केवळ माझ्या मनाचा विचार करून मौन पाळले. त्यांच्यावर मी केलेला आरोप खोटा आहे. सही केली. बाहेर आले तर आईंनी पानावर ताट झाकून ठेवलं होतं आणि त्या अजून जेवल्या नव्हत्या. भाजी गार झाली होती. मी बसले आणि ती खाल्ली, सगळी, एकटीनं, आणि आई समोर पाटावर बसून एकेक घास मोजल्यासारखं बघत होत्या. बिया कडक लागल्या. त्यांना मी तसं सांगितलं नाही.

सोमवारी दहाला मी प्राचार्यांच्या खोलीत होते. सरांनी पत्र वाचलं, मधल्या ओळीपाशी थांबले, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, हे एवढं लिहायची गरज नाही. हे वाक्य काढा. घरच्यांचा गैरसमज, एवढं पुरेल."

"नाही पुरणार, सर. तेवढ्यावर मीच विश्वास ठेवला नसता."

"ऑफिसात चार जणांच्या हातांतून जातं हे."

"जाऊ दे. आणि माझं गुरुवारचं पत्र परत हवंय."

त्यांनी मान हलवली. "त्यावर आवक नंबर पडलाय. ते आता काढता येत नाही. दोन्ही फाईलला लागतील." आणि त्यांनी क्लार्कला बोलावून माझा नवा कागद त्याच्या हातात दिला. क्लार्क तो वाचत वाचतच बाहेर गेला.

बाहेर बाकावर हितेश बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. मला पाहून उठून उभा राहिला, रोज उठतो तसाच. माफी मागायची म्हणून गाडीत मी एक वाक्य जुळवत आले होते, पेणपासून रोह्यापर्यंत, कासूच्या पुढे तर ते मला पाठही झालं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"पुतळीकडे त्याला फुलं किती आली आहेत?"

"मोजली नाय मॅडम." त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही या रविवारी. दोघं मोजू."

मी हो म्हणेपर्यंत शिपायानं त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला. दार पुरतं लागायच्या आधी मला टेबल दिसलं, तीन खुर्च्या, आणि सरांच्या समोर उघडून ठेवलेली त्याची फाईल. दोन्ही पत्रं तिच्यात लागलेली होती. वर कोणतं होतं, ते मला दिसलं नाही.